बिरजूनं रस्ता काऊन ओलांडला

१

आदेश नालीत पडला तो शनवारी सकाळी, भर चौकात. आणि त्याले पाडलं त्याच्याच कुत्र्यानं.

देवळीत माणूस नालीत पडणं काही नवलाचं नाई. पिऊन पडतात, भांडून पडतात, नवी चप्पल घालून पण पडतात. पण आदेशचं पडणं गावाले लागलं. लहानपणी मेंदूज्वरात पोराचे दोन्ही डोळे गेलते. आता पंचविशीचा गडी झाला, बस स्टँडपाशी एसटीडीचा बूथ चालवायचा, आणि घरून बूथवर त्याले बिरजू घेऊन यायचा. सोबत कोणी माणूस नाई, हातात काठी नाई. जाड मानेचा, पडलेल्या कानाचा काळाभोर कुत्रा, अंगावर चामड्याचा पट्टा, पट्ट्याले कडक मूठ, आणि त्या मुठीवर आदेशचा डावा हात. खड्डा आला की कुत्रा थांबे, गाय आडवी बसली असली की वळसा घेई. दीड वर्षात पोराच्या अंगठ्याले ठेच नाई लागली.

त्या शनवारी तोच कुत्रा चालता चालता एकाएकी उजवीकडं वळला आणि रस्ता ओलांडाले निघाला. वर्ध्याहून येणारी बस कचकन थांबली. ड्रायव्हरनं वरूनच दोघांचा उद्धार केला. आदेश घाबरून मागं सरला, पाय सटकला, आणि पोट्टा नालीत. उजवं मनगट मोडलं. बिरजू वापस आला आणि त्याच्या डोक्यापाशी उभा राहून कण्हत राह्यला.

तानबा जमादार तवा बूथच्या बाकावर बसला होता. पोलिसातून रिटायर झाला तरी गाव त्याले जमादारच म्हणे. रायपूरच्या पोरीले फोन लावायच्या निमित्तानं तो रोज तथी येऊन बसे, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाले. कारण पहिल्या टोकाखाली बिरजू झोपे. नोकरीत असताना हिंगणीले दारूच्या भट्टीवर धाड घालाले गेलता, तवा भट्टीवाल्याच्या कुत्र्यानं पोटरीचा लचका काढला होता. तवापासून तानबा चोराले भीत नव्हता, कुत्र्याले भीत होता.

दुपारी प्रभाकरराव आले. कापूस-तुरीचे मोठे अडते, अडत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. बाकावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जमादार, घोळ झाला."

"घोळ कायचा. हाड मोडलं, जुळते."

"हाडाचं नाई म्हणत मी. कुत्र्याचं म्हणतो. पुढच्या रविवारी मंडळाची बैठक हाय. ताराचंद म्हणते कुत्रा वापस पाठवा, खर्च बंद करा. आणि आता त्याच्या मागं चार माणसं उभी झाली."

बिरजूले गावानं आणलं होतं ते असं. बंगलोरकडच्या एका केंद्रात असे कुत्रे तयार होत. शिकवाले वर्ष लागे, खर्च कंबर मोडणारा. देवळीचे अडते माल मोजला की शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून चिमूटभर पैसा धर्मादाय म्हणून कापत. जुना रिवाज. तो सगळा गोरक्षणात जाई. प्रभाकररावांनी भांडून त्यातला एक वाटा कुत्र्याकडं वळवला. शिकवण्याचा खर्च त्यातून गेला, आणि आता अंडी, भात, सुया, औषध, सगळं त्यातूनच चाले.

"कुत्रा गेला तं पोट्टा पुन्हा मायच्या पदराले धरून येईल," प्रभाकरराव म्हणाले. "ती बिचारी दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटून आली की मंग बूथ उघडंन. दुपारी उघडणाऱ्या बूथवर कोण येईन? मले एवढं सांगा, कुत्रा बिघडला का?"

तानबानं बाकाखाली पाह्यलं. पोट्ट्याले दवाखान्यात नेलं तवापासून बिरजू तथीच डोकं पंजावर ठेवून पडला होता.

"बिघडलेला कुत्रा वापस येऊन उभा नसता राह्यला," तो म्हणाला. "बिघडला नाई. कोणीतरी बिघडवला."

२

तीन दिवसांनी तानबा आदेशच्या घरी गेला. पोट्टा प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसला होता. लीलाबाई, त्याची माय, चुलीपाशी. बिरजू दारात आडवा. तानबा त्याले ओलांडाले तयार नव्हता, म्हणून बाहेरूनच बोलाले लागला.

"आत या ना काका," आदेश म्हणाला.

"मी अथीच बरा. हवा चांगली हाय."

लीलाबाई हसली. "काई करत नाई तो बाप्पा. तुमच्यापेक्षा गरीब हाय."

"गरीब होता तो हिंगणीचा पण." तानबा उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवा बसला. "सांग बेटा, कोणी हाक मारली होती का कुत्र्याले? शीळ? चुचकारलं?"

"नाई काका. काईच आवाज नाई. उलट…" पोट्टा थांबला.

"उलट काय?"

"उलट शांत होतं. कसं सांगू. मी रस्त्यानं जातो तं लोक बोलतात. काय आदेश, चालला का आदेश. त्या दिवशी एक दोन जागी माणूस उभा होता, मले समजलं, पण बोललं कोणी नाई."

तानबानं ते मनात ठेवलं. "आणि कुत्रा याच्या आधी कधी असा वागला?"

आदेशनं मान खाली घातली. मंग म्हणाला, "हळू होतो कधी कधी. मधीच थांबल्यावाणी करते. मी पट्टा हलवला की चालू लागते. कोणाले सांगितलं नाई मी. सांगितलं असतं तं म्हणले असते, कुत्रा खराब निघाला, द्या वापस."

"केव्हापासून?"

"दिवाळी झाली, तवापासून असंन."

लीलाबाईनं मधीच तोंड घातलं. "अन् जेवाचा कंटाळा करते मेला. आठवड्यातून एखाद्या दिवशी भात तसाच ठेवते. त्याच दिवशी पाहा तुम्ही, हनुवटी तेलकट. मी शिककाईनं धुते तरी वास जात नाई."

"तेल कायचं?"

"आता कुत्र्याच्या हनुवटीचं तेल कायचं, मी चाटून पाहू का?"

एवढ्यात दारात डबा घेऊन एक बाई आली. प्रभाकररावांच्या बायकोनं, सुलोचनाबाईनं पाठवलेली मोलकरीण. लीलाबाईनं डबा घेतला. "सुलोचनाबाईचं मन मोठं बाई. पोरगा पडला तवापासून रोज डबा पाठवून राह्यली. शिरा काय, खीर काय. पण स्वतः नाई आली अजून. गुडघे धरले म्हणते."

तानबा उठाले लागला तं आदेश म्हणाला, "काका, शिकवणाऱ्या मास्तरानं एकच गोष्ट पक्की सांगितली होती गावाले. पट्टा अंगावर असताना त्याले हात लावू नका, खाऊ घालू नका. तवा तो कामावर हाय."

"हो, चौकात उभं राहून सांगितलं होतं. मी होतो."

"मंग सगळ्यांले माहीत हाय ना?"

तानबा चालू लागला. देवळीत माहीत असणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे त्यानं तीस वर्षं वर्दी घालून पाह्यलं होतं.

३

पहिला संशय कोणाचा, हे सांगाले पोलीस लागत नाई. ताराचंद गोरक्षणाची व्यवस्था पाहे. सडसडीत म्हातारा, सतत खोकणारा. तानबा गेला तवा तो गाईपुढं कडबा टाकून राह्यलता.

"पाहा जमादार," तो म्हणाला, "या गाईले हिरवा चारा पाह्यला म्हणजे सण वाटते. आणि तिकडं कुत्रं अंडी खाते. धर्मादायाची अंडी. मी बोलतो तं वाईट."

"म्हणून काई केलं का तुम्ही?"

"करायचं असतं तं विष घातलं असतं. बस बोलावून आणतो का मी वर्ध्याहून?" तो खोकला. "मी बैठकीत बोलतो. तोंडावर बोलतो. ताराचंद मागून काई करत नाई."

तानबाले तो खरा वाटला. जो माणूस चौकात ओरडते, तो अंधारात सहसा काई करत नाई.

दुसरा भूपेंद्र. त्याचा पण एसटीडी बूथ, आदेशच्या समोर, रस्त्याच्या पल्याड. बिरजू निघाला होता तो त्याच बाजूले. पल्याड तीनच गोष्टी होत्या. भूपेंद्रचा बूथ, त्याले लागून प्रभाकररावांची अडत, आणि अडतीच्या बाजूले त्यांच्या घराचं दार.

"काऊन रे," तानबानं विचारलं, "आदेशचा बूथ बंद पडला तं तुहा चालंन ना?"

भूपेंद्र काउंटरवर बिस्किटाचा पुडा ठेवून बसला होता. "चालंन ना काका. पण मी नाई केलं. खोटं कायले बोलू, एकदा बिस्कीट फेकलं होतं त्याच्यापुढं. वास नाई घेतला त्यानं. जसं काई मी गोटाच फेकला."

"फेकलं काऊन?"

"पाहाले. एवढा खर्चाचा कुत्रा, बिस्कीट खाते का नाई."

तानबानं टपरीवरून भजं घेतलं आणि रस्ता ओलांडून आदेशच्या बाकापाशी आला, भूपेंद्र त्याच्या मागं. बाकाखाली बिरजू पट्टा घालून पडलेला. लीलाबाईनं सवय राहावी म्हणून त्याले रोज बूथवर आणणं सुरूच ठेवलं होतं. तानबानं चार हातावरून भजं टाकलं. कुत्र्यानं एकदा वर पाह्यलं, एकदा भज्याकडं, आणि डोळे मिटले.

"पाह्यलं?" भूपेंद्र म्हणाला. "साधू हाय. नाईतं तो शनीच्या ओट्यावरचा काळ्या होता, कागद टाकला तरी खाये. दिवाळीनंतर रेतीच्या ट्रकखाली आला बिचारा. आता चौकात काळा कुत्रा म्हणजे हाच एक उरला."

तानबा भजं उचलून फेकाले वाकला होता. तसाच वाकलेला राह्यला.

४

घरी येऊन त्यानं चहा केला आणि थंड होऊ दिला.

फेकलेलं बिरजू खात नाई. म्हणजे खाल्लं ते हातातून. ओळखीच्या हातातून, आणि एकदा नाई, कैकदा. शिकलेल्या कुत्र्याचं शिकणं मोडाले धीर लागते, माया लागते. दुश्मनाजवळ एवढा वेळ नसते. म्हणजे दुश्मन शोधत बसलो ते उलटंच झालं.

तेल. देवळीच्या चुलीवर शेंगदाण्याच्या फल्लीचं तेल, नाईतं सोयाबीनचं. त्याचा वास शिककाईनं जाते. तानबा उठला, लीलाबाईच्या घरी गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून कुत्र्याच्या तोंडाजवळ स्वतःचं नाक नेलं. गळ्याखालच्या केसात अजून वास होता. तिळाचं तेल. तिळाचं तेल देवळीत कोणी खात नाई. ते शनीच्या दगडावर वाहतात.

मंग बाकीचं आपोआप बसत गेलं. साडेसाती लागली की पंडित सांगते, शनवारी काळ्या कुत्र्याले तेलाची पोळी स्वतःच्या हातानं दे. बोलायचं नाई, कोणाले सांगायचं नाई, सांगितलं की फळ गेलं. म्हणून आदेशले माणूस समजला पण आवाज नाई आला. म्हणून लीलाबाईचा तेलकट दिवस आठवड्यातून एकच. आणि म्हणून दिवाळीनंतर, कारण दिवाळीनंतर ओट्यावरचा काळ्या मेला, आणि गावाचा शनी बिरजूच्या वाट्याले आला.

पोट्ट्याचा घात कोणी केलाच नव्हता. कोणीतरी पुण्य केलं होतं.

पण कोणी? पल्याडच्या बाजूचं कोणीतरी. तानबानं ठरवलं, शनवारी पाहू. बैठक रविवारी होती, म्हणजे मधी हाच एक शनवार हाती होता.

५

शनवारी सकाळी तानबा बूथच्या बाकावर आडवा झाला. तोंडावर पातळ दुपट्टा घेतला आणि घोरू लागला. घोरण्याची त्याची तयारी चांगली होती. बाकाखाली बिरजू, पट्ट्यासकट. त्याचा श्वास तानबाच्या लोंबत्या हाताले लागत होता, आणि हात वर घेतला तं नाटक फसलं असतं. तानबानं हात तसाच ठेवला. घाम फुटला त्याले, पण ठेवला.

दुपट्ट्याच्या खालून माणसाचे पायच दिसत.

पहिले पाय आले ते रबरी चपलेतले. कपड्याच्या दुकानवाला अण्णाजी. वाकला, काई बोलला नाई. खाली चपचप आवाज झाला. गेला.

तानबाले वाटलं, सापडला. तो उठणारच होता, तं दुसरे पाय आले. जोडवी घातलेले. हॉटेलवाल्याची बायको अंजू. चपचप. गेली.

मंग भूपेंद्र. बिस्कीट खात नाई म्हणणारा. हा पोळी आणून राह्यला होता, तेही घरची गरम. चपचप.

तानबा दुपट्ट्याखाली डोळे फाडून पडला होता. एकाचा शोध करता करता अख्खी रांगच सापडली होती त्याले.

सर्वात शेवटी पाय आले सडसडीत, मातीचे, कडब्याची काडी बोटाले चिकटलेली. पायाच्या मालकानं खोकला तोंडात दाबला.

तानबानं दुपट्टा काढला.

"ताराचंदजी."

म्हातारा पोळी मागं लपवाले गेला. तेल धोतरावर ओघळलं.

"बायकोची तब्येत," ताराचंद शेवटी म्हणाला. "सहा महिने झाले उठत नाई. पंडित म्हणे…" तो खोकला. "गाईचं गाईले, जमादार. शनीचं शनीले. दोन्ही करावं लागते माणसाले."

"आणि उद्या बैठकीत?"

ताराचंद पोळी घेऊन नाई गेला. बाकावर ठेवली आणि चालू लागला.

तानबा विचार करत बसला. हे सगळे स्वतः चालत कुत्र्यापाशी आले. यातल्या कोणाले आपल्या पोळीनं पोट्टा पडला असं वाटतच नव्हतं. वाटलं असतं तं आजच्या दिवशी आले नसते. ज्याच्या पोळीसाठी बिरजू रस्ता ओलांडाले निघाला, त्यानं ते पाह्यलं असंन. त्यानं बस पाह्यली असंन. तो माणूस आज येणार नाई.

त्यानं खाली पाह्यलं. बिरजूचं पोट भरलं होतं, पण मान वर होती. तो रस्त्याच्या पल्याड पाहून राह्यला होता, प्रभाकररावांच्या घराच्या दाराकडं. ते दार रोज सकाळी उघडं असे. आज बंद होतं.

६

सुलोचनाबाईनं दार उघडलं आणि तानबाचं तोंड पाहून पदर सारखा केला.

"हे अडतीत हायेत," ती म्हणाली.

"तुमच्याकडंच आलो वैनी."

ती पाटावर बसली. बसताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला. तानबानंच सुरू केलं.

"डबा रोज जाते पोट्ट्याकडं. तुम्ही एकदा पण नाई गेल्या."

"पाय दुखतात."

"पाय दुखतात म्हणून तं दारातून हात पुढं केला ना? बाकीचे चालत जातात त्याच्यापाशी. तुमचे पाय चालू देत नाईत."

सुलोचनाबाईनं सरळ सांगून टाकलं, जसं काई कोणी विचारावं याचीच वाट पाहत होती.

"आमचा पोरगा योगेंद्र माहीत हाय ना तुम्हाले? पुण्याले दोन वर्षं झाली. नोकरी लागते, सुटते. लागते, सुटते. फोन करते तं आवाज असा की काळजात चर्र होते. साडेसाती हाय म्हणे. मी पहिले त्या काळ्याले द्यायची, तो मेला. मंग वाटलं, बिरजू तं धर्मादायाचा कुत्रा. याच्या पोटात गेलं की दुप्पट पुण्य. तुम्ही चहाले उठले की बूथवर जाऊन दिली दोन महिने. त्या दिवशी गुडघा उचलला नाई. म्हटलं, तो समोरूनच जाते, दारातून दाखवू. हाक नाई मारली मी. नुसती पोळी दाखवली." ती थांबली. "त्यानं पाह्यलं. अन् मले बस पण दिसली."

"प्रभाकररावांले सांगितलं?"

"यांनी कुत्र्यासाठी अख्ख्या मंडळाशी भांडण घेतलं. मी काय तोंडानं सांगू?"

"मी नाव नाई घेणार बैठकीत," तानबा म्हणाला. "काय झालं तेवढं सांगीन."

"माह्या पोरासाठी दुसरीच्या पोराचा हात मोडला मी," ती म्हणाली. "नाव तुम्ही नाई घेतलं तं ते माहं राहते का जात?"

तानबानं दुपट्टा खांद्यावर घेतला. तो उठला.

७

बैठक प्रभाकररावांच्याच ओसरीत भरली. अडते, दुकानदार, ताराचंद, भूपेंद्र. आदेश आणि लीलाबाई दाराशी. बिरजू आदेशच्या पायाशी, पट्टा काढलेला.

तानबानं उभं राहून सगळं सांगितलं. तेल, शनवार, मुक्यानं दिलेली पोळी. नावं सोडून बाकी सगळं. अण्णाजी छताकडं पाहे, भूपेंद्र नखं पाहे.

"म्हणजे एका माणसाच्या चुकीनं," प्रभाकरराव म्हणाले, "एवढं झालं. कोण तो? उभं राहावं त्यानं."

कोणीच उभं राह्यलं नाई. मंग आतल्या दाराचा पडदा हलला आणि सुलोचनाबाई ओसरीत आली. मंडळाच्या बैठकीत बाई कधी आली नव्हती, त्याच्यामुळं सगळे आधी चहाच आला असं समजले.

"पोळी माही होती," ती म्हणाली. "आदेश, बेटा, मी होती ती."

प्रभाकररावांची टोपी हातातून खाली गेली. त्यांनी उचलली नाई.

ताराचंद खोकला. "वैनीची एकटीची नाई. मी पण देतो." मंग अण्णाजी. मंग भूपेंद्र म्हणाला, "माही तं गरम असते," आणि कोणी हसलं नाई तवा चूप झाला.

"मंग आता काय," प्रभाकरराव हळूच म्हणाले. "कुत्रा ठेवायचा का पाठवायचा?"

आदेश पहिल्यांदा बोलला. "पाठवा."

लीलाबाईनं त्याचा दंड धरला. "अरे काय बोलतो?"

"खरं तेच बोलतो मा. त्याले आता बाजारात दहा घरचा वास माहीत झाला. मी पट्टा धरून निघालो की तो एक डोळा रस्त्यावर ठेवंन, एक तुमच्या हातावर. अर्ध्या कुत्र्यावर मले बसपुढं नाई उभं राहायचं. मास्तर म्हणलते, असा बिघडला तं पुन्हा शिकवता येते. काही महिने लागतात. तवापर्यंत मी काठी धरीन." त्याचा हात कुत्र्याच्या कानावर होता. "पण वापस आला पाहिजे. नुसता पाठवून विसरू नका."

"विसरत नाई," अण्णाजी म्हणाला. "पुन्हा शिकवाचा खर्च धर्मादायातून करू."

"धर्मादायातून नाई," तानबा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं पाह्यलं.

"तो पैसा तुमचा कुठं हाय? मोजमापाच्या वेळी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापता. कुत्रा त्यानं घेऊन दिला पोट्ट्याले, त्याले माहीतही नाई. तुम्ही फक्त हात लावला. आणि हात लावला म्हणून कुत्रा आपला समजले, पोळी द्यायचा हक्क आपला समजले. यावेळी स्वतःच्या गल्ल्यातून द्या."

ताराचंदनं सर्वात आधी धोतराच्या ओच्याले हात घातला.

"गाईचा वाटा तेवढा मोडू नका," तो म्हणाला. "बाकी मी देतो."

सुलोचनाबाईनं नवऱ्याकडं पाह्यलं नाई. हातातल्या दोन बांगड्या काढल्या आणि आदेशच्या मायपुढं ठेवल्या. प्रभाकररावांनी त्या उचलल्या, पुन्हा तिच्या हातात दिल्या, आणि आत जाऊन स्वतःची पेटी घेऊन आले.

८

बिरजू गेला तवा थंडी होती. वापस आला तवा आंब्याले मोहोर येऊन आंबे उतरून पण झाले होते. मधले दिवस आदेश काठीनं आला. दोनदा पडला. कोणी उचलाले धावलं तं म्हणे, "राहू द्या, मले जागा पाठ करू द्या."

शिकवणारा मास्तर बिरजूले घेऊन आला आणि आठ दिवस राह्यला. पहिल्या दिवशी म्हणाला, घरापासून बूथपर्यंत चालून पाहू. मुद्दाम शनवार धरला त्यानं.

बातमी आधीच बाजारात पोचली होती. आदेशनं मूठ धरली आणि निघाला. तानबा मागून चालत होता, चार हात अंतर ठेवून. हे अंतर कुत्र्यासाठी होतं का पोट्ट्यासाठी, त्याचं त्यालेही नाई सांगता आलं असतं.

कोणी बोललं नाई. कोणी पाह्यलं पण नाई. अण्णाजी गिऱ्हाईक नसताना कापडाचं थान उलगडत बसला. अंजूनं पाठ करून चहा उकळला, उकळत राह्यला, उतू गेला. भूपेंद्र बंद पडलेला फोन कानाले लावून उभा. ताराचंद गोरक्षणातून खास आला होता, आणि येऊन भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला, जसं काई त्याले शिक्षाच झाली. अख्खा बाजार त्या एका कुत्र्याकडं पाठ फिरवून उभा होता. त्याच्याकडं न पाहण्यासाठी माणसाले एवढी मेहनत करावी लागते, हे देवळीनं त्या दिवशी पाह्यलं.

रस्त्याच्या पल्याड सुलोचनाबाई आपल्या दारात होती. हात पदराखाली दाबून धरले होते. तिले पाठ फिरवता नाई आली, म्हणून तिनं डोळे मिटले.

बिरजू बरोबर त्या जागी आला. नाक वर केलं. कुत्र्यानं एकदा पल्याड पाह्यलं, मंग आदेशच्या गुडघ्याले अंग घासलं आणि सरळ निघून गेला.

बूथपाशी पोचून आदेश थांबला आणि मागं वळला.

"काकू दारात हायेत का, जमादार काका?"

"हायेत."

"त्यांना सांगा, आला तो. अन् थांबला नाई म्हणून सांगा."

तानबा रस्ता ओलांडून गेला. सुलोचनाबाईचे डोळे अजून मिटलेले होते.

"गेला वैनी. पाह्यलं पण नाई त्यानं तुमच्याकडं," तानबानं थोडं पदरचं घातलं.

तिनं डोळे उघडले. पदरानं तोंड पुसलं, पण रडणं थांबलं नाई.

"बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं, नाई पाह्यलं."